४७ नंबर कुठं आहे?

मागच्या पावसाळ्यात मावशीला आमच्या गावातल्या एका रुग्णालयात ॲडमिट केलं होतं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की चर्चा त्या एका इमारतीची होते, आणि बाकीचे सगळे सुटतात.

रात्री दोनच्या सुमाराला झोप येईना म्हणून खाली रिसेप्शनजवळच्या बाकड्यावर येऊन बसलो. समोर भिंतीवर लाल रंगाचा पत्र्याचा डबा. फायर अलार्मचं पॅनल. त्यावर एक पिवळा दिवा लागलेला, आणि आतून बारीक ‘टीं... टीं...’ आवाज. बारीक का, तर बझरच्या भोकांवर कुणीतरी बँडेजची चिकटपट्टी दुहेरी मारून ठेवली होती. छोट्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं होती : ‘लूप १, डिव्हाइस ०४७, फॉल्ट’.

रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला विचारलं, “मामा, हे कधीपासून असं आहे?”

“ते बसवल्यापासून असंच आहे, साहेब. आधी लई ओरडायचं. पेशंट झोपत नव्हते.”

“पण हे ४७ नंबर कुठं आहे?”

मामांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर म्हणाल्या, “ते इंजिनिअरला माहीत.” इंजिनिअर कुठं? पुण्याला.

पत्रकारितेत वीस वर्षं काढली. आग लागल्यावर तिथं पोचायचं, फोटो काढायचा, ‘शॉर्टसर्किटने आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य लिहायचं, संपलं. पण आग लागायच्या आधी ती सांगणारं जे यंत्र असतं, त्याच्याकडं मी त्या रात्रीपर्यंत नीट बघितलं नव्हतं. त्यानंतर जमेल तसं वाचत गेलो. तेव्हा लक्षात आलं की ‘४७ नंबर कुठं आहे’ हा प्रश्न आपल्या गावाचा नाहीच. तो पावणेदोनशे वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तर चुकल्यामुळं फार मोठी किंमत मोजली गेली आहे.

आधी हे पॅनल आपल्याकडं आलं कसं ते थोडक्यात. ९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर. दोन्हीकडं अतिदक्षता विभाग, जागेवरून हलू न शकणारे पेशंट. भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले, कागद हलले, निविदा निघाल्या, आणि गावोगावच्या भिंतींवर हे लाल डबे आले. डबे आले हे चांगलंच झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता बोस्टनला जाऊ. अमेरिकेतलं शहर, साल १८५२.

त्याआधी तिथं आग लागली की चर्चची घंटा वाजवायची. आपल्याकडं कुठं देवळातली घंटा, कुठं नगरपालिकेचा भोंगा, तसंच. भोंगा आग आहे एवढंच सांगतो, कुठं आहे ते सांगत नाही. लोक घरातून बाहेर येऊन धूर दिसेल तिकडं पळायचे. विल्यम चॅनिंग नावाच्या एका डॉक्टरनं १८४५ साली तिथल्या वर्तमानपत्रातून एक कल्पना मांडली. (वर्तमानपत्रातून! आमच्या धंद्याचा तेवढाच अभिमान.) तारायंत्र तेव्हा नवीन होतं. तो म्हणाला, या तारेवरून आगीचा पत्ता पाठवता येईल की. मोझेस फार्मर नावाचा तारायंत्रातला जाणकार त्याला मिळाला, आणि एप्रिल १८५२ मध्ये बोस्टनमध्ये जगातली पहिली विजेवर चालणारी आगीची यंत्रणा सुरू झाली. रस्त्यारस्त्यावर पेट्या. प्रत्येक पेटीला नंबर. पेटीत दातेरी चाक, त्याचे दाते त्या नंबराप्रमाणे कापलेले. हँडल फिरवलं की तारेतून तेवढे ठोके मध्यवर्ती कचेरीत जाणार. कचेरीतला माणूस ठोके मोजणार आणि त्याला कळणार, अमुक चौकातली पेटी.

आज आपण ज्याला ‘ॲड्रेसेबल’ म्हणतो, त्याचं मूळ हे आहे. नुसता आवाज नको, आवाजाला पत्ता हवा.

आणि गंमत बघा. पहिला खरा इशारा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला आला. सांगतात ते असं, की पेटी फिरवणाऱ्या माणसानं घाईघाईत हँडल इतकं जोरात फिरवलं, की कचेरीत ठोके मोजताच येईनात. शेवटी तो बिचारा स्वतःच पळत कचेरीत गेला आणि तोंडानं सांगितलं. म्हणजे यंत्र पहिल्यांदा वाजलं, आणि पत्ता पहिल्यांदाच चुकला.

तिथं नुकसान फार झालं नाही. एकोणीस वर्षांनी शिकागोत झालं.

८ ऑक्टोबर १८७१, रविवार, रात्री नऊची वेळ. शिकागो म्हणजे तेव्हा लाकडी शहर. घरं लाकडाची, फुटपाथ लाकडाचे. पाऊस बरेच दिवस नव्हता. आदल्याच रात्री एक मोठी आग विझवून अग्निशमनाची माणसं थकून गेली होती. डी-कोव्हन स्ट्रीटवर एका गोठ्याला आग लागली. शहराकडं यंत्रणा होती, बोस्टनसारखीच, नंबराच्या पेट्यांची. पण लोक विनाकारण घंटा वाजवतात म्हणून पेट्यांना कुलूप, आणि किल्ली जवळच्या एखाद्या भरवशाच्या दुकानदाराकडं. आग बघून शेजारचा एक माणूस औषधाच्या दुकानात पळाला. तिथून पेटी ओढली की नाही यावर नंतर उलटसुलट जबान्या झाल्या, पण मध्यवर्ती कचेरीत तिथून इशारा आल्याची नोंद नाही.

कोर्टाच्या इमारतीच्या मनोऱ्यावर पहारेकरी होता, मथायस शेफर. त्याला उजेड दिसला. रात्री, धुरात, लांबून अंतराचा अंदाज चुकतो. शेतात वणवा बघितलेल्या कुणालाही हे माहीत आहे. त्यानं खाली तारायंत्रावर बसलेल्या विल्यम ब्राऊनला सांगितलं, ३४२ नंबरची पेटी वाजव. ती जागा खऱ्या आगीपासून साधारण एक मैल लांब होती. थोड्या वेळानं शेफरच्या लक्षात आलं, चुकलं. त्यानं निरोप दिला, ३१९ वाजव, ती जवळची आहे. ब्राऊननं नकार दिला. त्याचं म्हणणं, आता नंबर बदलला तर गोंधळ होईल, आणि नाहीतरी ३४२ कडं जाताना बंबांना वाटेत आग दिसेलच.

ब्राऊन काही वाईट माणूस नव्हता. आपण कचेऱ्यांमध्ये रोज बघतो तसा माणूस होता : एकदा नोंद झाली की दुरुस्ती नको.

सुमारे ३०० माणसं गेली. १७ हजारांहून जास्त इमारती जळाल्या, एक लाख लोक उघड्यावर आले. सगळं त्या एका नंबरामुळं झालं असं म्हणणं चूक ठरेल. वारा होता, कोरड होती, थकलेली माणसं होती. पण आग पहिल्या अर्ध्या तासात गोठ्याएवढी असते, आणि तो अर्धा तास चुकीच्या पत्त्यावर गेला. खापर मात्र फुटलं गोठ्याच्या मालकिणीवर, कॅथरीन ओलिअरीवर. तिच्या गाईनं लाथ मारून कंदील पाडला म्हणे. मायकेल अहर्न नावाच्या बातमीदारानं १८९३ मध्ये कबूल केलं की ही गोष्ट रचलेली होती. शिकागोच्या नगर परिषदेनं बाई आणि गाय दोघींना निर्दोष ठरवलं ते १९९७ साली. सव्वाशे वर्षं लागली. आमच्या धंद्याचा अभिमान वर लिहिलाय, तो इथं परत घेतो.

पुढचा टप्पा इमारतीच्या आतला. रस्त्यावरच्या पेटीला माणूस लागतो. माणूस झोपलेला असला तर? म्हणून आपोआप कळणारी साधनं आली. आधी उष्णतेवर चालणारी, मग धुरावर. धूर ओळखायचा शोध स्वित्झर्लंडमध्ये अपघातानं लागला असं सांगतात. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर नावाचा शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. वायू काही ओळखला जाईना. वैतागून त्यानं सिगारेट पेटवली आणि यंत्राचा काटा हलला.

या डिटेक्टरना जोडायची जुनी पद्धत म्हणजे झोन. एका तारेवर पंधरा-वीस डिटेक्टर, सगळ्यांचा मिळून एक दिवा. दिवा लागला की एवढंच कळतं : दुसरा मजला. मग पळा आणि दारं उघडत सुटा. तार तुटली तर कळावं म्हणून तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर लावतात. त्यातून बारीक करंट सतत वाहत राहतो. तो थांबला की पॅनल समजतं, तार तुटली.

इथं आपल्याकडच्या ठेकेदारांची एक जुनी हातचलाखी सांगतो, ती मला एका वायरमननंच सांगितली. तार ओढायचा कंटाळा आला, किंवा फॉल्ट सापडतच नसला, तर तो रेझिस्टर शेवटच्या डिटेक्टरला न लावता पॅनलच्या डब्यातच लावून टाकायचा. पॅनलला वाटतं सगळं ठीक आहे. हिरवा दिवा. तपासणीला आलेले साहेब हिरवा दिवा बघून सही करतात. प्रत्यक्षात त्या झोनची तार कुठंच गेलेली नसते. तेव्हा पिवळ्या दिव्याला घाबरू नका. पिवळा दिवा निदान खरं बोलतो.

१९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले आणि ॲड्रेसेबल पॅनल आलं. बोस्टनच्या पेट्यांसारखाच प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर. पॅनलमधून दोन तारा निघतात, सगळ्या खोल्या फिरून परत पॅनलमध्ये येतात. याला लूप म्हणतात. एका ठिकाणी तार तुटली तरी पॅनल दोन्ही बाजूंनी बोलू शकतं. आणि ते अक्षरशः बोलतं. शाळेत गुरुजी हजेरी घेतात तसं : एक? हजर. दोन? हजर. तीन? हजर, आणि इथं थोडा धूर आहे. काही सेकंदांत सगळी हजेरी, की पुन्हा पहिल्यापासून. दिवसरात्र.

पण गुरुजींना फक्त हजेरीचा नंबर माहीत असतो. ४७ म्हणजे कुणाचं पोरगं, कुठल्या गल्लीत राहतं, हे हजेरीपटावर कुणीतरी हातानं लिहावं लागतं. पॅनलचं तसंच आहे. लूपवर कोण कोण आहे हे ते स्वतः शोधून काढतं, पण खोलीचं नाव त्याला माणसानंच टाइप करून द्यावं लागतं. हे काम बसवणाऱ्याचं शेवटच्या दिवसाचं असतं. शेवटच्या दिवशी बिल निघायची घाई असते. काम राहून जातं.

आणि नाव टाकलं तरी ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. पॅरिसचं नोत्र-दाम घ्या. आठशे वर्षांचं चर्च, यंत्रणा आधुनिक, रचायला कित्येक वर्षं लागलेली. १५ एप्रिल २०१९ ला संध्याकाळी ६:२० च्या सुमाराला पॅनलवर लाल दिवा लागला. यंत्रणेनं आपलं काम चोख केलं होतं. पडद्यावर जागेचं वर्णन आलं आणि सोबत आकडे-अक्षरांचा एक लांबलचक कोड. पॅनलसमोर बसलेला माणूस त्या कामावर अगदी नवीन होता. जागेच्या वर्णनात पोटमाळा, मुख्य सभागृह आणि शेजारची छोटी इमारत असे शब्द एकापुढं एक आले होते. पहारेकऱ्याला पाठवलं गेलं ते त्या छोट्या इमारतीच्या पोटमाळ्यावर. तिथं काहीच नव्हतं. आग होती मुख्य चर्चच्या छपराखाली, जुन्या ओकच्या लाकडांच्या त्या जंजाळात, ज्याला तिथले लोक ‘जंगल’च म्हणायचे. चूक लक्षात येऊन माणूस तीनशे पायऱ्या चढून वर पोचला तेव्हा लाकडं धडधडत होती. अग्निशमन दलाला थेट खबर जायची सोयच नव्हती. आधी माणसानं डोळ्यांनी बघायचं, मग फोन. फोन गेला तोपर्यंत अर्धा तास झाला होता. आठ वाजायच्या आत शिखर कोसळलं.

१८७१ मध्ये अर्धा तास. २०१९ मध्ये अर्धा तास. यंत्र दोन्ही वेळा होतं.

परत आपल्या गावात येतो. त्या रात्रीनंतर मी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाच्या मागं लागलो. बातमी छापेन अशी धमकी दिली नाही, पण बातमीदार रोज येऊन बाकड्यावर बसतोय हे त्यांना दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक तंत्रज्ञ आला. पंचविशीतला पोरगा, पाठीला सॅक, त्यात लॅपटॉप, मल्टिमीटर आणि टेस्टिंगचा धुराचा स्प्रे. मी त्याच्यामागं दिवसभर शिडी धरून फिरलो.

त्यानं आधी पॅनलची जुनी नोंद वाचली. हसला. म्हणाला, “सर, ४७ फॉल्ट आहे आणि ६३ गायबच आहे. दोन्हीचं कारण एकच असणार.” मला काही कळेना. त्यानं एक डिटेक्टर खाली काढून पाठीमागची बारीक बटणांची रांग दाखवली. प्रत्येक बटणाची किंमत ठरलेली : १, २, ४, ८, १६, ३२, ६४. जी चालू असतील त्यांची बेरीज म्हणजे त्या डिटेक्टरचा नंबर. १, २, ४, ८ आणि ३२ चालू केली की ४७. त्यात १६ चं बटण मिळवलं की ६३. “कुणीतरी ६३ नंबरचा डिटेक्टर बदललाय आणि १६ चं बटण द्यायला विसरलाय. म्हणून ४७ दोन झाले. पॅनल ४७ ला हाक मारतंय, दोघं एकदम ओ देतायत, त्याला काही समजत नाहीये.”

हे दोन ४७ शोधायला दोन तास गेले, कारण नकाशा नव्हता. एक ओपीडीच्या पॅसेजमध्ये सापडला. तो काढला, तरी पॅनल म्हणतंय ४७ हजर. म्हणजे दुसरा कुठंतरी आहे. तो सापडला प्रसूती वॉर्डामागच्या कपड्यांच्या खोलीत. चादरी, गाद्या, कापसाचे गठ्ठे छतापर्यंत, आणि मधोमध उघड्या वायरचा बोर्ड. त्या डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळचं प्लॅस्टिकचं टोपण तसंच होतं. नंबर बरोबर असता तरी धूर आत शिरला नसता. भिंतीच्या पलीकडं बाळंतिणी होत्या. मी टोपण हातात घेतलं तेव्हा शिडीखाली उभ्या मामांनी नुसतं “अरे देवा” म्हटलं.

दुसरा फॉल्ट अर्थचा. गच्चीतून पाणी झिरपून फॉल्स सीलिंगमधल्या एका जोडाला ओल लागली होती. त्यानं लूप मधोमध सोडवला, मल्टिमीटर लावला, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघितलं. मग त्या अर्ध्याचा अर्धा. असं करत चार वेळा अर्धं करून थेट ओल्या जोडावर बोट ठेवलं. एवढा शहाणपणा मी आजवर एकाही तालुका समितीच्या चौकशीत बघितलेला नाही.

संध्याकाळी नावं टाकायला बसला. तेव्हा मी एकच हट्ट धरला : नावं इंजिनिअरची नकोत, मामांची हवीत. पॅनलला मराठी लिपी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत, पण शब्द इथले. ‘फर्स्ट फ्लोअर ईस्ट युटिलिटी’ नाही. ‘प्रसूतीमागची कपड्यांची खोली’. मामा एकेक खोली सांगत गेले, पोरगा टाइप करत गेला. एका खोलीला सगळे ‘जुनी एक्स-रे’ म्हणतात, तिथं आता सलाइनची खोकी असतात. कागदावर तिचं नाव ‘कन्सल्टिंग ३’. आम्ही ‘जुनी एक्स-रे’ लिहिलं. तीच यादी मोठ्या मराठी अक्षरांत छापून पॅनलशेजारी चिकटवली. सिस्टरांनी चिकटपट्टी स्वतःच्या हातानं काढली.

मग चाचणी. कुणालाही न सांगता पोरानं कपड्यांच्या खोलीत स्प्रे मारला. हूटर वाजला. मामा पॅनलपाशी आले, वाचलं, आणि सिलिंडर उचलून जिना चढले. मी मोबाइलवर वेळ लावली होती. बावन्न सेकंद.

आता कायद्याचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, लागू डिसेंबर २००८ पासून. यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची, बसवून गेलेल्या ठेकेदाराची नाही. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचं, फॉर्म ‘बी’. रुग्णालय, मंगल कार्यालय, कोचिंग क्लास, लॉज, कुठंही गेलात की पॅनल बघा. पिवळा दिवा असेल तर पडद्यावरचा नंबर वाचा आणि काउंटरवर विचारा, हा कुठं आहे. शेवटचं ‘बी’ कधी दिलं तेही विचारा. दाखवतात की नाही ते कॉमेंटमध्ये लिहा. फोटोत पेशंट येऊ देऊ नका.

आमच्या रुग्णालयाचं एक काम अजून राहिलंय. पॅनलच्या पोटात १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, लाइट गेल्यावर पॅनल त्यांवर चालतं. जाता जाता पोरानं मेन स्विच बंद करून बघितला. अकरा मिनिटांत पॅनल मेलं. इथं पावसाळ्यात लाइट किती तास जाते ते तुम्हाला सांगायला नको. बॅटऱ्यांचं कोटेशन त्यानं त्याच दिवशी दिलं. फाइल टेबलावर आहे. मी परवा गेलो होतो, काल गेलो होतो, उद्याही बाकड्यावर असेन.